तालमीची भाषा : संहिता हातात आल्यापासून पडदा पडेपर्यंत लागणारे शब्द

नाटकाच्या पहिल्या तालमीला आलेल्या मुलामुलींच्या कानावर तासाभरातच शब्दांचा मारा होतो. ‘डाऊन लेफ्टला ये.’ ‘कव्हर होतोयस, जरा उघड.’ ‘क्यू गेला तुझा.’ ‘लाइट घे.’ विचारायची लाज वाटते म्हणून मुलं मान डोलावतात आणि शेजारचा जिकडे सरकेल तिकडे सरकतात. असंच करत महिना जातो आणि तालमीचा निम्मा वेळ नुसता समजावण्यात खर्ची पडतो.

यावर काही जण शब्दांची यादी पाठ करायला देतात. माझा त्यावर विश्वास नाही. नाटकातला शब्द ज्या दिवशी कामाला येतो त्याच दिवशी, उभं राहून, अंगानं शिकावा. म्हणून इथे शब्द घेतलेत ते नाटक जसं उभं राहतं त्या क्रमानं. सांगली, मिरज, सातारा भागातल्या शाळा-कॉलेजांत जे नव्यानं नाटक करू लागलेत, त्यांनी हे वाचून बाजूला ठेवू नये, दोघं मिळून करून पाहावं. त्यासाठी एक चिमुकला प्रवेश देतो. त्यातलं ‘आयर्विन’ म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी किती चढलं ते तिथे मोजतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच चढायच्या आहेत.

*(सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. संध्याकाळ. बाहेर पाऊस. आज्जी खुर्चीत बसून तांदूळ निवडते आहे. सागर भिजलेला आत येतो.)*

आज्जी : आयर्विनला किती झालंय रं?
सागर : चाळीस.
आज्जी : मग हाय की येळ अजून.
सागर : *(भिंतीवरचा आजोबांचा फोटो काढत)* आज्जी, चल आता.
आज्जी : ठेव तो तिथंच. *(थांबते)* मी येत न्हाई.

पायरी १ : संहिता हातात घेणे

वर जे लिहिलंय ती संहिता. पात्रं बोलतात ते संवाद. कंसात तिरप्या अक्षरांत आहे ती रंगसूचना. तालमीत ‘कंस वाच’ म्हणतात ते याचंच. रंगसूचना मोठ्यानं म्हणायची नसते, करायची असते. नवखे विद्यार्थी संवादांखाली रेघा मारतात आणि कंस सोडून देतात. वरच्या प्रवेशात कंस काढून टाकला तर फोटोच नाहीसा होतो, मग आज्जीचं ‘ठेव तो तिथंच’ कुणाला कळणार?

नाटकाचा मोठा तुकडा म्हणजे अंक, अंकातला लहान तुकडा म्हणजे प्रवेश. जागा किंवा वेळ बदलली की बहुधा प्रवेश बदलतो. एका अंकात संपते ती एकांकिका. तिच्याहून लांब, पण मध्यंतराशिवाय चालणारा तो दीर्घांक. पात्र एकटंच मनातलं बोलतं ते स्वगत. एकच नट पूर्ण प्रयोग पेलतो तो एकपात्री. नाट्यछटा त्याहून वेगळी. त्यात समोर दुसरं माणूस आहे असं धरून एकच पात्र बोलत असतं आणि समोरच्याची उत्तरं आपल्याला त्याच्या बोलण्यातूनच कळतात. लेखक दिवाकर यांनी हा प्रकार मराठीत रुजवला. घरी एकट्यानं सराव करायचा असेल तर नाट्यछटेइतकं चांगलं साधन नाही, कारण समोर कुणी नसताना ऐकायची सवय ती लावते.

सांगलीच्या मुलांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा आजच्यासारखी शब्दन् शब्द लिहिलेली संहिता नटांच्या हातात नव्हती. सूत्रधार पदं गात असे आणि त्या अनुरोधानं पात्रं आयत्या वेळी भाषणं करत. आज आपण ज्याला इम्प्रोव्हायझेशन किंवा उत्स्फूर्त सादरीकरण म्हणतो ते आपल्या रंगभूमीच्या पहिल्या पावलातच होतं. म्हणून वरचा प्रवेश वाचून झाला की कागद खाली ठेवा आणि तोच प्रसंग आपल्या शब्दांत करा. लेखकानं एवढे कमी शब्द का वापरले, ते मग कळेल.

पायरी २ : वाचन

सगळे गोल बसून संहिता वाचतात ते वाचन. इथे अभिनय दाखवायचा नसतो. विचारायचं असतं : या क्षणी माझ्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय? हे हवं असणं म्हणजे पात्राचं उद्दिष्ट. सागरला आज्जीला घराबाहेर काढायचंय. आज्जीला घरातच राहायचंय. दोन उद्दिष्टं एकमेकांना आडवी गेली की संघर्ष उभा राहतो. त्याला आरडाओरडा लागत नाही.

आता सबटेक्स्ट. म्हणजे ओळीच्या खाली दडलेलं, न बोललेलं. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी आणि पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी, हे कृष्णाकाठच्या म्हाताऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तरी ती म्हणते, ‘हाय की येळ अजून.’ शब्द वेळेबद्दल आहेत, बोलणं घर न सोडण्याबद्दल आहे. ही ओळ निव्वळ माहिती सांगितल्यासारखी म्हटली की प्रवेश मेला.

प्रवेशाचा रोख जिथे बदलतो तिथे एक आडवी रेघ मारायची. दोन रेघांमधल्या भागाला बीट म्हणतात. या प्रवेशात पहिला बीट ‘येळ अजून’पाशी संपतो. तोवर चौकशी चालली होती, फोटोला हात लागल्यावर निर्णयाची गोष्ट सुरू होते. पेन्सिलच वापरा, पेन नको. तालमीत बीट सरकतात.

पायरी ३ : रंगमंचाचा नकाशा

शाळेच्या हॉलमध्ये खडूनं एक मोठा आयत आखा आणि त्याचे नऊ चौकोन करा. प्रेक्षक ज्या बाजूला बसणार तिकडे बाण काढा. आता आत जाऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात तो राइट, डावा तो लेफ्ट. दिशा नेहमी नटाच्या, प्रेक्षकांच्या नव्हेत. दिग्दर्शक समोर बसून ‘लेफ्ट’ म्हणतो तेव्हा तो तुमचा डावा हात सांगत असतो. इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो.

प्रेक्षकांजवळची बाजू डाऊन, मागची बाजू अप. युरोपातले जुने रंगमंच मागून पुढे उतरते असत, म्हणजे मागे जाणं खरोखर वर चढणं होतं. रंगमंच सपाट झाले, शब्द तेच राहिले. मधली रांग सेंटर. असे नऊ चौकोन तयार होतात : अप राइट, अप सेंटर, अप लेफ्ट, मग राइट, सेंटर, लेफ्ट आणि डाऊन राइट, डाऊन सेंटर, डाऊन लेफ्ट. एकानं नाव पुकारायचं, बाकीच्यांनी त्या चौकोनात जायचं. दोन संध्याकाळी हा खेळ खेळलात तर महिन्याची डोकेदुखी वाचते.

दोन्ही बाजूंना उभ्या कापडांच्या आड नट थांबतात त्या विंगा. वरच्या आडव्या कापडी पट्ट्या, ज्यांच्यामागे दिवे लपतात, त्या झालरी. पुढचा मोठा तो दर्शनी पडदा. अगदी मागचा, ज्यावर आकाश किंवा रंग दाखवता येतात, तो सायक्लोरामा, बोलताना नुसता ‘सायक’. अशी चौकट असलेल्या रंगमंचाला प्रोसेनियम म्हणतात. सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यमंदिर, साताऱ्याचं शाहू कलामंदिर या अशाच चौकटीतल्या जागा. नाटक पाहायला जाल तेव्हा पडदा उघडण्याआधी विंगा मोजा, झालरी शोधा आणि मध्यंतरात शेवटच्या रांगेत जाऊन रंगमंच केवढा दिसतो ते बघा.

चारी बाजूंना प्रेक्षक असतील तर तो रिंगण रंगमंच. तिथे अप-डाऊन चालत नाही, कारण कुणाला तरी पाठ जाणारच. पथनाट्यात जागा आवाजानं आणि घोळक्यानं ठरते.

जत्रेतल्या तमाशाकडे नाट्यविद्यार्थी फार कमी लक्ष देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. मग गण, गवळण, बतावणी, वग हे शब्द आपल्या मुलांना परके का असावेत? गणात गणेशाला नमन. गवळणीत कृष्ण, गौळणी आणि त्यांची थट्टामस्करी, त्यातच मावशी आणि पेंद्या. बतावणी म्हणजे आयत्या वेळी रंगवलेली विनोदी बोलाचाली. वग म्हणजे मुख्य कथानाट्य. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, प्रेक्षकांतल्या एखाद्या आवाजाला तिथल्या तिथे उत्तर देऊन पुन्हा कथेत शिरतो, ते बघून ठेवा. टायमिंग म्हणजे काय हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

पायरी ४ : हालचाली बसवणे

कोण कुठे उभं राहणार, कधी कुठे जाणार हे ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग. मराठीत ‘हालचाली बसवणे’ किंवा नुसतं ‘बसवणे’. रंगमंचावर येणं ती एन्ट्री, जाणं ती एक्झिट. एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं तो क्रॉस. कुणी क्रॉस केल्यावर चित्र एका बाजूला कलंडतं, म्हणून दुसऱ्यानं थोडं सरकून ते सावरायचं, तो काउंटर.

आपला प्रवेश बसवू या. आज्जीची खुर्ची डाऊन राइटला. दार अप लेफ्टला. आजोबांचा फोटो अप सेंटरला, मागच्या भिंतीवर. सागर अप लेफ्टहून एन्ट्री घेतो आणि दारातच थांबतो, कारण अंग निथळतंय. ‘चाळीस’ तिथूनच. ‘येळ अजून’ ऐकल्यावर तो आज्जीकडे न जाता फोटोकडे क्रॉस करतो. हा क्रॉस म्हणजेच त्याचं उत्तर आहे. संहितेच्या समासात त्या ओळीपाशी एक बाण काढा आणि ‘फोटोकडे’ एवढंच लिहा. क्रॉस कुठल्या शब्दावर सुरू होतो त्या शब्दाभोवती गोल करा.

फोटो काढताना सागरची पाठ प्रेक्षकांकडे जाते. पाठ करूच नये असा नियम काही जण सांगतात, तो मला पटत नाही. इथे पाठ योग्यच आहे, कारण त्या वेळी आपल्याला आज्जीचा चेहरा पाहायचाय. मात्र दोघं समोरासमोर बोलताना पूर्ण एकमेकांकडे वळले तर प्रेक्षकांना नुसते दोन कान दिसतात. तेव्हा पाऊल प्रेक्षकांकडे थोडं तिरकं ठेवायचं, याला उघडणे म्हणतात. दुसऱ्या नटाच्या आड जाणं म्हणजे कव्हर होणे. आपण कव्हर झालोय हे ओळखायची सोपी खूण आहे : प्रेक्षागृहाची मधली खुर्ची तुम्हाला दिसत नसेल तर तिथल्या माणसाला तुम्हीही दिसत नाही.

क्यू म्हणजे आपलं वाक्य किंवा हालचाल सुरू करायची खूण. बहुतेक वेळा समोरच्याच्या वाक्याचा शेवट. सागरसाठी तो ‘झालंय रं’. पण ‘रं’ ऐकल्यावर श्वास घ्यायला लागलात तर मध्ये भोक पडतं. आज्जीच्या तोंडून ‘आयर्विन’ निघालं की सागरला प्रश्न कळलेला असतो. श्वास तिथे घ्या, शब्द ‘रं’नंतर सोडा. दोघांनी असं करून पाहा, लगेच फरक ऐकू येईल. चुकून राहिलेली मोकळी जागा ती गॅप, ठरवून घेतलेली थांबण्याची जागा तो पॉज. गॅपमध्ये प्रेक्षक खोकतात. पॉजमध्ये नट गप्प असतो, पण पात्राचं काही ना काही चाललेलं असतं. ‘ठेव तो तिथंच’नंतर आज्जीनं तांदळातला एक खडा शोधून बाजूला टाकावा, मग बोलावं. तेवढा वेळ पुरतो.

पायरी ५ : आवाज

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणं म्हणजे आवाजाची फेक. ओरडणं नव्हे. श्वास पोटातून, जबडा सैल आणि शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीशी बोलणं, इथून सुरुवात करा.

मराठी बोलणाऱ्या नटाला एक धोका कायमचा आहे. आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतो आणि नेमका तिथेच श्वास संपतो. ‘मी येत न्हाई’ म्हणताना ‘न्हाई’ गिळलं तर प्रेक्षकांना ऐकू येतं ‘मी येत’. प्रवेशाचा सगळा निकाल ज्या शब्दात आहे तोच गेला! याला वाक्य पडणे म्हणतात. उपाय असा : ओळ उलट्या बाजूनं बांधा. आधी फक्त ‘न्हाई’ म्हणा. मग ‘येत न्हाई’. मग ‘मी येत न्हाई’. प्रत्येक वेळी ‘न्हाई’ची ताकद तीच राहिली पाहिजे. आवाज चढवायची गरज नाही, नुसता आधार सुटता कामा नये.

बोलीबद्दलही सांगतो. आज्जी ‘हाय की येळ’ म्हणते ते तसंच ठेवा. स्पर्धेसाठी म्हणून ते ‘वेळ आहे अजून’ करू नका. त्याच वेळी बोली म्हणजे विनोद असंही समजू नका. ‘रं’ आणि ‘की’ ताणले की हशा मिळतो आणि आज्जी हातची जाते.

हा सगळा अभिनय शास्त्रानं चार प्रकारांत मांडलाय. शरीराचा आंगिक, वाणीचा वाचिक, वेश-रंग-अलंकारांचा आहार्य आणि मनाच्या अवस्थेतून अंगावर उमटणारा सात्त्विक. ‘नाट्यशास्त्रा’तली ही विभागणी परीक्षेत विचारतात म्हणून पाठ करा, पण तालमीत तिचा उपयोग तपासणीसाठी करा. प्रवेश फसला की चारांपैकी काय कमी पडलं ते शोधायचं.

पायरी ६ : तांत्रिक बाजू

नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभं केलेलं स्थळ. लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लायवूड मारून केलेली भिंत ती फ्लॅट. उंचीसाठी वापरायचे लाकडी चौथरे त्या लेव्हल. सेट यायच्या आधी जमिनीवर भिंती आणि दारं आखून घेतात ते मार्किंग. आखलेल्या दारातूनच ये-जा करा. ‘इथे भिंत आहे’ हे विसरून आरपार चालायची सवय लागली की सेटवर धडक ठरलेली.

हाताळायच्या वस्तू म्हणजे प्रॉपर्टी. आपल्याकडे तांदूळ निवडायचं सूप, खडे, फोटो, खिळा. पहिल्या तालमीपासून हातात काहीतरी द्या, खरं सूप नसेल तर ताट चालेल. फोटोत काच नको, नुसती चौकट ठेवा. खिळा किती घट्ट आहे हे सागर करणाऱ्यानं रोज स्वतः पाहावं. रंगमंचावर खायचा प्रसंग असेल तर भडंग टाळा, घशात अडकतं आणि दातांत आवाज येतो. मऊ केळं किंवा ब्रेड घ्या. विंगेत एक टेबल मांडून त्यावर प्रत्येक वस्तूची जागा कागद चिकटवून ठरवायची, ते प्रॉपर्टी टेबल. दुसऱ्याची प्रॉपर्टी हलवायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

वेशभूषा म्हणजे कपडे, रंगभूषा म्हणजे मेकअप. सागरचा शर्ट भिजलेला दिसायचा तर पाणी कधी मारायचं, ओल्या पायांनी रंगमंच निसरडा होणार नाही ना, हे आधी करून बघायला हवं.

प्रकाशयोजनेत सगळीकडे पसरलेला उजेड तो जनरल, एका जागेवर पडणारा झोत तो स्पॉट. हळूहळू उजळणं फेड इन, विझणं फेड आउट, एकदम अंधार ब्लॅकआउट. ‘लाइट घे’ म्हणजे झोत जिथे चेहऱ्यावर पडतो तिथे उभा राहा. झोताचा कडक भाग दिव्याच्या बरोबर खाली नसतो, तिरका पुढे पडतो. म्हणून जमिनीवरचं वर्तुळ बघू नका, सावकाश चालत जा आणि डोळ्यांवर उजेड सगळ्यांत जास्त कुठे लागतो ते हेरा. हॅलोजनचे दिवे असतील तर गालाला ऊबही कळते, एलईडीमध्ये ती मिळत नाही. अंधारात एन्ट्री असेल तर विंगेत आधी थोडा वेळ डोळे मिटून ठेवा, अंधार कमी दाट वाटतो. जमिनीवरच्या जागा रेडियमच्या पट्टीनं दाखवून ठेवतात.

पार्श्वसंगीतात आपला पाऊस येतो. तो पूर्ण वेळ एकाच आवाजात वाजला तर संवाद खाईल. एन्ट्रीला मोठा, मग खाली आणि आज्जीच्या पॉजमध्ये किंचित वर. प्रत्येक बदलाला क्रमांक द्यायचा, त्याची यादी म्हणजे क्यू शीट. ती ज्याच्या हातात असते आणि प्रयोग चालू असताना ज्याचा शब्द शेवटचा असतो तो रंगमंच व्यवस्थापक. पडदा उघडला की दिग्दर्शकाचं काम संपलेलं असतं.

पायरी ७ : रंगीत तालीम आणि प्रयोग

कपडे, मेकअप, सेट, दिवे, संगीत सगळं लावून, मध्ये न थांबता केलेली तालीम ती रंगीत तालीम. कुणी ओळ विसरलं तरी थांबायचं नाही, माफी मागायची नाही, समोरच्यानं त्याला सावरून घ्यायचं. विंगेतून हळूच ओळ पुरवणारा प्रॉम्प्टर आता अनेक ठिकाणी ठेवत नाहीत, तेव्हा ही सावरासावर तालमीतच शिकून घ्या. शेवटी दिग्दर्शक सांगतो त्या नोट्स. लिहून घ्यायच्या, वाद घालायचा नाही.

सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाटकवाले त्याला सरळ ‘सेन्सॉर’ म्हणतात. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रयोगाच्या दिवशी पहिली घंटा झाली की मेकअप संपत आलेला असावा. दुसरी घंटा म्हणजे प्रत्येकानं आपली प्रॉपर्टी टेबलावर बघून घ्यायची. नटराजाला नमस्कार, नारळ. तिसरी घंटा आणि अनाउन्समेंट : ‘रंगदेवतेला आणि मायबाप रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून सहर्ष सादर करीत आहोत…’ या वेळी विंगेत बोलणं बंद. विंगेत उभं राहताना खूण एकच : तुम्हाला प्रेक्षक दिसत असतील तर प्रेक्षकांनाही तुम्ही दिसता. दोन पावलं मागे सरा.

हशा आला तर त्याच्यावरून पुढची ओळ म्हणू नका. हशा शिगेला पोहोचून उतरायला लागला की उचला. पूर्ण विझू दिलात तर पुन्हा सुरुवात केल्यासारखं वाटतं. संगीत नाटकात पदाला वन्समोअर मिळाला की गायक नट ते पुन्हा गातो. गद्य ओळीला तो मिळत नाही, तेव्हा टाळीच्या वाक्यावर रेंगाळू नका.

पडदा पडल्यावर सगळ्यांनी मिळून प्रेक्षकांना नमस्कार करायचा ते अभिवादन. मग कपडे बदलायच्या आधी प्रॉपर्टी यादी हातात घ्या आणि एकेक वस्तूवर खूण करत खोक्यात भरा : सूप, तांदूळ, फोटो, खिळा. सेट उतरवणाऱ्यांना हात द्या. नाट्यगृह ठरलेल्या वेळी रिकामं करून द्यायचं असतं आणि जी मुलं स्क्रू काढायला थांबतात त्यांना पुढच्या नाटकात फ्लॅट कसा उभा राहतो हे शिकवावं लागत नाही.